चौथीच्या वर्गातला बुडखा

चौथीचे गुरुजी कशाकशाला भितात हे सांगायला बसलं तर संध्याकाळ व्हायची. कशाला भीत नाहीत ते मात्र एका दमात सांगता यायचं: चौथीच्या वर्गाला. त्या एका खोलीत शिरलं की त्यांचा आवाज मोकळा व्हायचा, पाठ ताठ व्हायची. हाच माणूस शिक्षकांच्या खोलीत पाण्याचा पेला मागायलाही दोनदा घसा खाकरतो, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. त्या खोलीबाहेरच्या जगात त्यांना बाकी सगळ्याचं भय होतं. बँकेतल्या खिडकीचं, कुत्र्यांचं, कुत्री बाळगणाऱ्यांचं, फोन वाजण्याचं आणि बराच वेळ न वाजण्याचं. मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं, तर इतकं की बाईंनी हसून "कसं काय गुरुजी?" असं विचारलं, तर घरी जाऊन ते बायकोला विचारत, "त्या हसल्या का असतील गं?"

अशा माणसाला प्रशिक्षणाला पाठवू नये. पण बाकीच्यांनी वेळेवर आजारपणं काढली आणि गुरुजींना आजारी पडायचीही भीती वाटत असल्यामुळे ते गेले.

प्रशिक्षणातले तज्ज्ञ उंच, उत्साही आणि टेबलावर मुठी आपटणारे होते. ते म्हणाले, "मुलांना शब्द पाठ करायला लावू नका. शब्दाचं मूळ दाखवा. एक मूळ कळलं की दहा शब्द आपोआप हातात येतात. आणि लक्षात ठेवा, आधी वस्तू, मग कल्पना! मुलाला मूळ डोळ्यांनी दिसलं पाहिजे!" मग त्यांनी एका डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रत्येकाला एकेक मूळ उचलायला लावलं. कुणाला देणं आलं, कुणाला जाणं आलं, कुणाला करणं आलं. गुरुजींच्या चिठ्ठीत 'भी' निघालं. भी म्हणजे भिणे. चिठ्ठीलासुद्धा माणूस बरोबर ओळखता येतो.

प्रशिक्षणातून परत आले तर शाळेत बातमी तयार होती. पटसंख्या कमी झाल्यामुळे शाळेत एक शिक्षक अतिरिक्त ठरला होता. साहेब तपासणीला येणार, वर्ग पाहणार, आणि मग मोठ्या बाईंनी एक नाव द्यायचं. ज्याचं नाव जाईल त्याची बदली अशा शाळेत, जिथे दोन गाड्या बदलून जायचं आणि उरलेलं चालायचं. चालण्याची गुरुजींना फारशी धास्ती नव्हती. धास्ती होती ती नव्या खोलीची. या एका वर्गातली भीती घालवता घालवता त्यांची अर्धी नोकरी खर्ची पडली होती. आता पुन्हा नवा वर्ग, नवी मुलं, नव्या मोठ्या बाई! त्या विचारानेच त्यांच्या हातातला खडू मोडला.

"तुम्ही काही तरी करून दाखवा हो साहेबांना," बायको म्हणाली. "बाकीचे बघा कसे मिरवतात. तुम्ही आपले सदा कोपऱ्यात."

गुरुजींनी करून दाखवायचं ठरवलं. इथेच घोटाळा झाला. शहाण्या माणसाला दहा सूचना मिळाल्या तर तो पाच विसरतो, म्हणून त्याचं बरं चालतं. भित्रा माणूस दहाच्या दहा तंतोतंत पाळतो. इतर शाळांतल्या शिक्षकांनी तक्त्यावर एक झाड काढलं, त्याला मुळ्या काढल्या, आणि ते हात झटकून चहाला गेले. गुरुजींच्या कानात मात्र मुठीचा आवाज घुमत होता. मूळ डोळ्यांनी दिसलं पाहिजे! साहेबांनी विचारलं, "मूळ कुठे आहे?" तर काय दाखवणार? तक्ता? साहेब म्हणतील, हे मुळाचं चित्र झालं, मूळ कुठंय?

म्हणून गुरुजी खरं मूळ आणायला निघाले.

बागेच्या कोपऱ्यावर वादळात एक झाड पडलं होतं आणि त्याच्या मुळ्या आभाळाकडे बघत होत्या. गुरुजी बागेच्या फाटकापर्यंत गेले आणि माळ्याला हळूच म्हणाले, "एखादं मूळ मिळेल का? शाळेसाठी?" माळी म्हणाला, कचेरीत विचारा. कचेरीतला पहिला म्हणाला, उभं झाड आमच्याकडे, पडलेलं रस्त्यांच्या खात्याकडे. रस्त्यांच्या खात्यातला म्हणाला, खोड आणि फांद्या आमच्या, पण मूळ जमिनीखालचं ना? जमिनीखालचं सगळं पाणीवाल्यांचं. पाणीवाला बराच वेळ गुरुजींकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "तुम्हाला मूळ पाहिजे कशाला? तुम्ही औषधं बिषधं देता का?" गुरुजी म्हणाले, "नाही हो, मी मराठी शिकवतो." त्यावर तो शेजारच्याकडे वळून म्हणाला, "बघ बाबा, आता मराठीला मूळ लागतंय," आणि सगळं टेबल खदखदून हसलं. गुरुजी इतके ओशाळले की उतरताना जिन्याऐवजी सामानाच्या खोलीत शिरले आणि बाहेर यायला धीर होईना म्हणून तिथेच थोडा वेळ उभे राहिले.

शेवटी मूळ मिळालं ते लाकडाच्या वखारीत. मागच्या अंगणात एक बुडखा पडला होता, बसलेल्या बैलाएवढा, चहूबाजूंनी मुळ्या फुटलेला. वखारवाला म्हणाला, "न्या न्या गुरुजी! शाळेसाठी ना? तसाच न्या. आत्ताच न्या. थांबा, मी हातगाडी देतो." इतका आनंद पाहून दुसरा कुणी सावध झाला असता. गुरुजींना वाटलं, समाजात शिक्षणाबद्दल अजून आस्था आहे.

हातगाडीमागून ते खाली मान घालून चालले. वाटेत प्रत्येक वळणावर एक तरी पालक भेटला. "गुरुजी, घरचा गॅस संपला वाटतं?" "गुरुजी, सुतारकी सुरू केली?" एक जण तर काहीच न बोलता गाडीला हात लावून चढापर्यंत ढकलत आला आणि जाताना म्हणाला, "होतं कधी कधी असं. धीर सोडू नका." हे सांत्वन गुरुजींना सगळ्यात लागलं.

घरच्या जिन्याखाली बुडखा एक दिवस मुक्कामाला होता. तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका त्याच्याभोवती हात मागे बांधून फिरले. "फुकट मिळालं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"फुकटचं लाकूड आणि न मागता मिळालेला सल्ला, दोन्ही घरात घेऊ नये," काका न विचारता म्हणाले. "हे उन्हात टाका. ठोकून बघा. आवाज पोकळ येतोय."

बायकोने वरूनच सांगितलं, "अहो, ते वर नाही हं आणायचं!"

गुरुजींनी ठोकून पाहिलं नाही. ठोकलं आणि खरंच पोकळ निघालं, तर पुढे काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिपाईमामांच्या मदतीने बुडखा वर्गात आला. मामांनी दाराची चौकट थोडी खरवडली, स्वतःची कंबर बरीच दुखवली, आणि बुडखा भिंतीला टेकवून म्हणाले, "गुरुजी, मी काही बघितलं नाही आणि काही उचललं नाही. मोठ्या बाईंनी विचारलं तर हे इथेच उगवलं."

पण पहिला तास! तो तास मात्र झकास झाला हे कबूल केलंच पाहिजे. गुरुजींनी बुडख्यावर खडूने 'भी' लिहिलं आणि मुलांना म्हणाले, "हे मूळ. आता याला काय काय फुटतं बघू." भय फुटलं, भीती फुटली, भित्रा फुटला. भयंकर, भयानक, भीषण आले. गुरुजींनी पुढे 'निर्' लावून दाखवला तसा निर्भय आला, 'अ' लावला तसा अभय आला. पहिल्या बाकावर एक मुलगी होती, तिला सारी शाळा प्रश्नमाला म्हणायची, कारण धडा संपला की ती सुरू व्हायची. ती उठून म्हणाली, "म्हणजे गुरुजी, शब्द माहीत नसला तरी आतलं मूळ दिसलं की अर्थ कळतो?"

"कळतो."

"मग अतिरिक्त म्हणजे काय? आई परवा बाबांना सांगत होती, हिच्या गुरुजींना अतिरिक्त करणार." गुरुजींनी उत्तर द्यायच्या आत तिने स्वतःच फोड केली. "अति म्हणजे फार. रिक्त म्हणजे रिकामा. म्हणजे फार रिकामा?"

"तसंच काहीसं, बाळ," गुरुजी म्हणाले, आणि फळ्याकडे तोंड करून आधीच स्वच्छ असलेला फळा पुसत राहिले.

पुढच्या सोमवारी गुरुजींनी वर्ग उघडला आणि त्यांना भिंतीवर एक रेघ दिसली. बुडख्याच्या मागून निघालेली, बोटाएवढी, मातीची. मुलांचं काम असेल म्हणून त्यांनी ती पट्टीने खरवडली, तर आतून पांढरे किडे बाहेर पडले आणि घाईघाईने पुन्हा आत शिरले. वाळवी!

तपासणीसाठी भिंतींना नुकताच रंग दिला होता. मोठ्या बाईंनी सर्वांदेखत बजावलं होतं, "भिंतीला कुणाचं बोट जरी लागलं, तरी मी बोट कुणाचं ते बघणार." इथे बोट नव्हतं, अख्खी पलटण होती. आणि ती त्यांनी स्वतः, हातगाडीवरून, दिवसाढवळ्या आणली होती.

आता गुरुजींनी उपाय केले. संध्याकाळी काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, माझ्या एका मित्राच्या शाळेत वाळवी लागलीय. काय करावं?"

"तुम्हाला मित्र आहे?" काकांनी चष्मा काढून विचारलं. त्यांना वाळवीपेक्षा हीच बातमी मोठी वाटली.

सगळ्या इमारतीने सल्ले दिले. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, मीठ टाका. त्यांचे यजमान म्हणाले, मिठाने वाळवी वाढते, चुना टाका. काका म्हणाले, रॉकेल. गुरुजींनी कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून तिन्ही टाकलं. वाळवीवर परिणाम एवढाच दिसला की ती थोडी वाट वाकडी करून पुढे गेली. वर्गाला मात्र रॉकेलचा असा वास सुटला की मुलं तासाला पेंगायला लागली. शिपाईमामा विडी ओढत दाराशी आले, तर गुरुजी "मामाऽऽ" म्हणून असे किंचाळले की शेजारच्या वर्गाने भूकंप समजून पटांगण गाठलं. मोठ्या बाई आल्या. नाक वर करून म्हणाल्या, "वास कसला हा?"

"नवी शाई," गुरुजी म्हणाले. बाईंशी ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते आणि ते इतकं वाईट बोलले होते की बाईंना ते खरंच वाटलं.

रेघ रोज पुढे सरकत होती. गुरुजी शाळेत सर्वांच्या आधी यायला लागले. ते कुलूप उघडत आणि आधी डोळे मिटून घेत, मग एकच उघडत. काल खिडकीपर्यंत होती ती आज खिडकीपलीकडे असायची. खरवडली तर भिंतीवर डाग राहायचा, नाही खरवडली तर रेघ राहायची. शेवटी एका सकाळी, मुलं यायची वेळ झालेली असताना, त्यांना मुलांनी कापलेली कागदी पानं दिसली. बुडख्याच्या मुळाला शब्द फुटले की ते या पानांवर लिहून फळ्याशेजारी टांगायचे, असा बेत होता. गुरुजींनी खळीचं भांडं घेतलं आणि रेघेवर पानं चिकटवत सुटले. भय, भीती, भयानक, निर्भय. लांबून पाहिलं तर भिंतीवरून एक वेल चालली होती.

मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. गुरुजींना वाटलं, संपलं. बाई वेलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे काय, उपक्रम आहे का?"

"हो," गुरुजी म्हणाले. बाईंशी त्यांचं दुसरं खोटं.

"साहेबांना उपक्रम फार आवडतात. वाढवा ही. शब्दवेल म्हणा हिला."

वाढवा! जणू न वाढवणं गुरुजींच्या हातात होतं. वाळवी वीतभर गेली की गुरुजींना वीतभर शब्द लागत. 'भी' दाराच्या चौकटीपाशी आटलं, तेव्हा जाण्याचं मूळ घेतलं. गती, प्रगती, आगमन, निर्गमन, सुगम, दुर्गम. व्हरांड्यात पाहण्याचं मूळ लागलं. दृष्टी, दृश्य, दर्शन, प्रदर्शन, अदृश्य. मुलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटे, गुरुजींना शब्दांची भूक लागलीय. ती घरून शब्द घेऊन येत, मूळ ओळखून दाखवत, आपलं पान कुठे लागलं ते रोज जाऊन बघत. "गुरुजी, माझं दुर्गम दाराच्या वर लावा ना, तिथे हात पोचत नाही, शोभेल!" कधी नव्हे तो अख्खा वर्ग शब्दांच्या मागे लागला होता, आणि गुरुजी वाळवीच्या. जितकी वाळवी पुढे तितकी मुलं पुढे. मोठ्या बाईंनी शिक्षकांच्या बैठकीत दोनदा गुरुजींचं नाव घेतलं आणि दोन्ही वेळा गुरुजी खुर्चीत दचकले.

घरी त्यांचं जेवण सुटलं. "अहो, आता तर बाई तुमचं कौतुक करतात, मग घास का उतरत नाही?" बायको विचारी. गुरुजी काय सांगणार? वेल नेमकी मोठ्या बाईंच्या ऑफिसच्या दिशेने चालली होती. आणि त्याहून भयंकर गोष्ट त्यांना फार उशिरा सुचली. खळ पिठाची होती. पानं कागदाची होती. वाळवीला झाकायला म्हणून ते रोज तिला ताट वाढत होते!

साहेब आले. अंगापिंडाने भरभक्कम, इस्त्री कडक, आवाज त्याहून कडक. मोठ्या बाई त्यांना व्हरांड्यातूनच वेल दाखवत आणत होत्या. "ही आमच्या शाळेची शब्दवेल, साहेब. मुळापासून शब्द. संकल्पना माझीच." गुरुजी वर्गात बुडख्याला पाठ लावून उभे होते, म्हणजे निदान तेवढा भाग तरी झाकला जावा. त्यांना पाठीमागून, अगदी बारीक, कुरकुर ऐकू येत होती. ती भासाची होती की खरी, हे वळून बघायची त्यांची हिंमत नव्हती.

"छान," साहेब म्हणाले. "फार छान. हा शब्द कुठला? निर्भय?" आणि त्यांनी कौतुकाने पानावर बोट ठेवलं.

बोट आत गेलं.

पानाचा फक्त वरचा पापुद्रा उरला होता. तो फाटला, आतली माती ढासळली आणि साहेबांच्या कडक इस्त्रीच्या बाहीवर वाळवीचा लोंढा सांडला. साहेबांनी असा काही आवाज काढला की तो त्यांच्या अंगापिंडाला अजिबात शोभला नाही, आणि दुसऱ्या क्षणी ते पहिल्या बाकावर उभे होते. धक्क्याने शेजारचं पान गळलं, त्याच्या शेजारचं गळलं, आणि पानामागून पान पडत ती पडझड दारातून व्हरांड्यात गेली. सगळीकडे तपकिरी रेघ उघडी पडली.

मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला आणि मग लाल झाला. त्यांची नजर बुडख्यावर गेली, तिथून दारातल्या शिपाईमामांवर. "मामा! हे सडकं लाकूड शाळेत आणलं कुणी? तुम्हीच ना? चौकट खरवडलीय ती मी पाहिलीय! आजपासून कामावर यायचं नाही!"

मामांनी गुरुजींकडे पाहिलं नाही. पायाच्या अंगठ्याकडे बघत ते उभे राहिले. त्यांनी सांगितलंच होतं, मी काही बघितलं नाही.

गप्प राहणं गुरुजींना जन्मभर जमत आलं होतं. आता तर नुसतं उभं राहायचं होतं, बस्स. मामा गेले असते, बुडखा गेला असता, गुरुजी कदाचित राहिले असते. पण समोर चौथीचा वर्ग बसला होता. सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती, कारण बुडखा कुणी आणला हे सगळ्यांना माहीत होतं. आणि या मुलांना घाबरायची गुरुजींना सवयच नव्हती.

"मी," ते म्हणाले. आवाज फाटला. त्यांनी घसा खाकरला, दोनदा. "मी आणला. मामांनी नुसता हात लावला. वाळवी माझ्यामुळे आली. वेल... वेल काही उपक्रम नव्हती. रेघ झाकायला पानं लावत गेलो."

"झाकायला?" साहेब बाकावरून गरजले. "म्हणजे शिकवणं बिकवणं काही नाही? वाळवी झाकायला मुलांना राबवलंत? बाई, तो अतिरिक्त शिक्षक कोण म्हणाला होतात?"

मोठ्या बाईंनी बोट उचललं. बोट गुरुजींच्या दिशेला वळायला लागलं. गुरुजींनी मान खाली घातली. आपला वर्ग गेला, हे त्यांना तेव्हा कळलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"साहेब," प्रश्नमाला उठली. साहेब तिच्याच बाकावर उभे असल्यामुळे तिला मान बरीच वर करावी लागली. "तुम्ही आत्ता सभय आहात की भयभीत?"

"काय?"

"सभय म्हणजे भय बरोबर असलेला. भयभीत म्हणजे भयाने पार घाबरलेला. मूळ एकच, पण अर्थ थोडा वेगळा." तिने साहेबांच्या पायांकडे पाहिलं. "तुम्ही बाकावर चढलात, म्हणजे भयभीत."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. साहेब लाल झाले. मग त्यांनी बाही झटकली आणि जरा संशयाने विचारलं, "हे तुला कुणी पाठ करून दिलं?"

"पाठ नाही केलं. आत बघितलं."

साहेब हळूच बाकावरून उतरले. भिंतीवर जिथे बोट गेलं होतं त्या भोकाशेजारी एक रिकामी जागा होती. "इथे कोणता शब्द होता?"

"अभय!" सगळा वर्ग ओरडला.

"म्हणजे?"

"भय नाही असं! भिऊ नको, असं दिलेलं वचन!"

"आणि इथे?"

"भयाण! तो माझा होता!" "इथे भीषण!" "साहेब, चौकटीवर माझं दुर्गम, जिथे जाणं कठीण ते!" मुलं उठलीच. साहेब रेघेच्या कडेने चालायला लागले आणि अख्खी चौथी त्यांच्याबरोबर. भिंतीवर एक पान शाबूत नव्हतं. साहेब मातीच्या रेघेवर कुठेही बोट दाखवत, बोट आता दोन वीत लांबून, आणि मुलं तिथला शब्द सांगत, त्याचं मूळ सांगत, त्याच मुळाचा एखादा न लावलेला शब्दही सांगत. दारातून बाहेर, व्हरांड्यातून, आगमन, निर्गमन, दृष्टी, दर्शन. गुरुजी सगळ्यांच्या मागून चालले होते. आपण हे सगळं शिकवलं कधी, हे त्यांना आठवेना. ते तर रोज फक्त भीत होते.

अदृश्यपाशी मुलं थांबली. तो शेवटचा शब्द होता. रेघ मात्र थांबली नव्हती. ती मोठ्या बाईंच्या ऑफिसच्या दाराखालून आत गेली होती आणि तिथून थेट लोखंडी नसलेल्या एकमेव कपाटात. साहेबांनी कपाट उघडलं. त्यात नक्की काय होतं ते बाईंनी पुढे कधीच सांगितलं नाही. आता त्यात भुसा होता.

मग साहेब रुमालाने बोट पुसत म्हणाले, "बाई, वाळवी हलवा. मामांना ठेवा. आणि चौथीच्या गुरुजींना हलवू नका."

"पण साहेब, एक शिक्षक जास्त..."

"आधी हा भुसा आवरून शाळेचं सगळं दप्तर नव्याने लिहा, मग बघू कोण जास्त आहे ते."

ते आवरणं अजून चालू आहे.

बुडखा गेला. औषध मारायला माणसं आली आणि त्या काळात चौथी पटांगणात भरली. तिथे गुरुजींना वाऱ्याचीही भीती वाटली. आठवड्याभराने मुलं वर्गात परतली तेव्हा भिंत पुन्हा रंगवलेली होती. कोरी, पांढरी, पट्टीने आखल्यासारखी. मोठ्या बाईंनी फक्त एवढंच सांगितलं होतं की आता त्या भिंतीवर कागदाचा कपटाही नको, आणि हसल्याही नव्हत्या, त्यामुळे गुरुजींना जरा बरं वाटलं होतं.

प्रश्नमाला बाकावरून उठून भिंतीशी गेली. तिने हात लांब केला आणि कोऱ्या भिंतीवर एक जागा दाखवली.

"गुरुजी, इथे निर्भय होता ना?"

"इथेच होता," गुरुजी म्हणाले.

ते तिच्याजवळ गेले. त्यांनाही त्या जागेवर हात ठेवून बघावासा वाटला. पण त्याआधी त्यांनी बोट वाकवून भिंतीवर हलकेच टकटक केलं, कान लावला, आणि पुन्हा एकदा टकटक केलं.

भिंत भरीव होती. मग त्यांनी हात ठेवला.